यंदा मोटारी जळत नाहीत

मार्च संपत आला तरी दुकानात बसून माशा मारतोय. काउंटरखाली तीन मोटारी पडल्यात, त्यातली एक तर पिठाच्या गिरणीची. दरसाल या दिवसात माझ्या दुकानासमोर टमटम, ट्रॉल्या अशी लाईन असते, जळालेल्या पाणबुडी मोटारी घेऊन लोक सकाळी सातला शटर वाजवतात आणि "आजच्या आज पाहिजे" म्हणून डोक्यावर बसतात. यंदा कुणी नाही. कारण यंदा पाणी आहे.

बीड जिल्ह्यात केजच्या बाजूला मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान आहे माझं, एकवीस वर्षं झाली. खरं सांगायचं तर माझा धंदा पाणी खाली जाण्यावर चालतो. पाणबुडी मोटर पाण्यातच गार राहते, बोअरमधलं पाणी संपलं आणि मोटर कोरडी फिरली की वाइंडिंग गेलंच समजा, तारेवरचं कोटिंग वितळून नुसता काळा गोळा हातात येतो आणि वास असा सुटतो की बायको दोन दिवस शर्ट धुवायला घेत नाही. म्हणजे पाऊस चांगला तर मी बेकार आणि दुष्काळ पडला की माझ्या घरावर स्लॅब. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये कुणीतरी म्हणेलच की भाऊ तुम्ही तर त्याच्यावरच जगता.

मागच्या सप्टेंबरात, २०२५ ला, काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. मांजरा, सिंदफणा, सीना, सगळ्या नद्या पात्र सोडून शिवारात आल्या, सोयाबीन जाग्यावर सडलं, नदीकाठची जमीन तर अशी खरडून गेली की खाली मुरूम उघडा पडला. आमच्या पाहुण्यांची चार एकर काळी एका रात्रीत गेली, विहीर गाळानं काठोकाठ भरली. पैसे कमी-जास्त मिळतीलही, पण ती माती परत कुठून आणायची? बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ते दुःख वेगळं आहे, त्याच्यावर कधीतरी सवडीनं लिहीन.

आज लिहितोय ते दुसऱ्याच गोष्टीवर. एवढं नुकसान झालं तरी एक समाधान होतं की विहिरी भरल्या, बोअर वर आले, मांजरेवरचं धनेगावचं धरण भरलं. आणि तेव्हापासून जो तो एकच बोलायलाय, "यंदा पाणी मस हाय." हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते. कारण हे मी आधी ऐकलंय.

२०१६ आठवा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या गाडीला दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी, नंतर वॅगन वाढवल्या. सगळ्या देशातले टीव्हीवाले प्लॅटफॉर्मवर. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी पाऊस असा झाला की धरणात पाणी आलं आणि सहा महिन्यापूर्वी घागरीसाठी भांडणारी माणसं बेणं शोधत फिरू लागली. ऊस, ऊस आणि ऊस. आणि मग ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपला मराठवाडा किती होता ते वेगळं सांगायला नको. त्या उन्हाळ्यात मी दोन पोरं कामाला ठेवली होती तरी रात्री बारापर्यंत वाइंडिंग भरत होतो. दोनच वर्षात खेळ खलास.

आपण पाण्याबद्दल बोलतो ते फक्त नसताना. टँकर लागला की चर्चासत्र, मोर्चा, बातम्या. पाणी असलं की कुणी नाव काढत नाही. घरात पगार आल्यावर बसून हिशोब करतात का पगार संपल्यावर?

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगतो. बोअरमध्ये मोटर सोडताना वीस-वीस फुटाचे पाईप जोडतात, म्हणून आम्ही खोली फुटात नाही, पाईपात बोलतो. दुकान टाकलं तेव्हा लोक म्हणायचे दहा पाईपवर सोड, बारावर सोड. मग पंधरा झाले, वीस झाले, आता तीस-पस्तीस पाईपचं गिऱ्हाईक आलं तर मला काहीच वाटत नाही. माझ्या जुन्या बिलबुकाची पानं उलटली की पाणी कसं खाली गेलं ते बिलावर दिसतं, त्याला कुठलं सर्वेक्षण लागत नाही. मोटारीचे स्टेजही (पाणी वर ढकलणारे पंखे) वाढत गेले, पाच एचपीचं साडेसात झालं, साडेसातचं दहा.

आणि खाली जाऊन मिळतं काय? आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षापूर्वीच्या लाव्ह्याचा. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (मऊ दगड), मग पाषाण. पाणी धरतो तो वरचा झिजलेला थर, पन्नास-साठ फुटापर्यंतचा. त्याच्या खाली फक्त भेगा. बोअरवाल्याला चारशे-पाचशे फुटावर एखादी भेग लागली की "दोन इंच पाणी लागलं" म्हणून नारळ फुटतो, पण ती भेग म्हणजे काही नदी नाही, किती वर्षांचं साठलेलं असतं ते, उपसलं की पुन्हा भरायला एक पावसाळा पुरत नाही. दुसरं म्हणजे तो पाडलेला बोअर वरच्या थरातलं पाणीही खाली ओढतो. केसिंग, म्हणजे भोकाला आधाराचा पाईप, फक्त वरच्या मातीपुरतं असतं, खाली सगळं उघडं भोक. शेजाऱ्याची विहीर का आटली हे मग पंचायतीत कितीही भांडा, सापडत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, आमच्याच घरात झालंय.

आमच्या आबांची आणि तात्यांची (म्हणजे चुलत्यांची) मिळून एक विहीर होती, सात परसाची (परस म्हणजे पुरुषभर खोली), दगडानं बांधलेली. तीन दिवस आमची पाळी, तीन दिवस तात्यांची, सातव्या दिवशी विहिरीला सुट्टी. आबा रोज संध्याकाळी काठावर जाऊन वाकून बघायचे. आत उत्तर बाजूला एक कपार होती, तिथं पारव्यांची घरटी. पाणी त्या कपारीच्या खाली गेलं की आबा घरी येऊन सांगायचे, "आता गव्हाला पाणी न्हाई, जनावराला अन माणसाला." कुणी कायदा केला नव्हता. पाणी डोळ्याला दिसत होतं, म्हणून हिशोब आपोआप होत होता, आणि तात्यांनाही तेच दिसत होतं म्हणून भांडण नव्हतं.

२०१२ ला पाऊस गेला. ते वर्ष आणि पुढचा उन्हाळा, ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय. मीच आबांच्या मागं लागलो बोअरसाठी, मोटर घरचीच होती ना. पानाड्या आणला, त्यानं हातावर नारळ ठेवून सगळं रान फिरून एक जागा दाखवली. तामिळनाडू पासिंगची बोअरची गाडी रात्री अकराला आली. ज्यांनी जवळून बघितलं नाही त्यांना सांगतो, कंप्रेसर सुरू झाला की पोटात हादरे बसतात, आणि भोकातून पांढरा फुफाटा असा उठतो की लिंबाचं झाड दिसेना. आबा त्या फुफाट्यात धोतराचा सोगा नाकाला लावून उभे. दीडशे फूट, कोरडं. तीनशे, कोरडं. दर शंभर फुटामागं ड्रायव्हर माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवायचो, प्रत्येक मानेचे पैसे. ४२० ला फुफाटा ओला झाला, मग गाळ, मग पाणी. पोरं नाचली. आबा काही बोलले नाहीत, ते विहिरीच्या काठावर जाऊन बॅटरीनं खाली बघत होते.

पुढच्या मार्चला विहीर कपारीच्या किती खाली गेली विचारू नका. तात्यांकडं बोअर नव्हता. त्यांनी विहिरीत आडवे बोअर मारून बघितले, काही उपयोग झाला नाही, आणि तेव्हापासून तात्या आमच्या दारात आले नाहीत. आबा गेल्यावर आले, तेवढंच. आमचा बोअर तिसऱ्या वर्षी बंद पडला. मोटर मीच काढली, मीच भरली.

विहिरीचं पाणी दोघांचं होतं हे सगळ्यांना कळत होतं. बोअरचं पाणी सहा इंचाच्या भोकात असतंय, कुणाला दिसत नाही, म्हणून ज्याच्या सातबाऱ्यावर भोक त्याचं पाणी असं आपण धरून चाललोय. खालचा खडक काही बांध बघून फुटत नाही.

कायदा नाही असं नाही. २००९ चा भूजल कायदा आहे, २०१४ पासून लागू झाला, त्यात ६० मीटर म्हणजे २०० फुटाच्या वर खोल गेलं की ती खोल विहीर, शेतीला तशी नवी घ्यायची नाही. १९९३ पासून पिण्याच्या सार्वजनिक विहिरीच्या ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको असाही नियम आहे. माझ्या दुकानात रोज सहाशे-सातशे फुटाच्या गोष्टी होतात, या कायद्याचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. कुणी कुणाला पकडणार? सगळं गावच खाली गेलेलं.

आता ऊस. उसाला शिव्या घालणं सोपं आहे, पुण्या-मुंबईचे लोक तेवढंच करतात. हिशोब मात्र करून बघा. आपल्याकडं सरासरी पाऊस धरा ७०० मिलिमीटर, एका एकरावर पडतं साधारण २८ लाख लिटर. उसाला वर्षभरात २००० मिलिमीटरच्या वर पाणी लागतं, म्हणजे एकराला ८० लाख लिटर. एक एकर उसाला जवळजवळ तीन एकरावरचा सगळा पाऊस, तोही एक थेंब वाहून न जाता, उडून न जाता. मग ते उरलेलं पाणी येतं कुणाच्या वाट्याचं? पण शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, बाजारात चार हजाराच्या आसपास विकलं, तू देतो का वरचे पैसे? यंदा पुरात सोयाबीन गेलं आणि ऊस उभा राहिला. त्याच्याकडं उत्तर आहे, माझ्याकडं नाही. दुसऱ्या पिकाला भाव दिल्याशिवाय नुसती ऊसबंदीची भाषा मला पटत नाही.

ठिबक करा म्हणतात. करा की, चांगलंच आहे. पण मी बघितलेलं सांगतो, ठिबकनं पाणी वाचलं की त्या वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर लावतात. शेततळ्याचं तसंच, पावसाचं पाणी धरायला म्हणून काढलं, खाली प्लास्टिक कागद अंथरला आणि बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं. जमिनीतलं गार पाणी वर आणून उन्हात ठेवायचं! यात माझ्या दोन मोटारी जास्त खपल्या एवढाच फायदा.

लाईटचं पण बोललं पाहिजे. रात्रीची लाईट येते, म्हणून जो तो ऑटो स्विच टाकतो, लाईट आली की मोटर आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला, पाणी चाललंय बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे, आता सोलर पंपही दहा टक्के भरून मिळतात. रात्री साप-विंचवात पाणी द्यायला जाणं बंद होतंय, ते चांगलंच, माझ्या ओळखीतला एक माणूस त्याच्यात गेलाय. पण बिल नाही, डिझेल नाही, ऊन आहे तोवर मोटर फिरतीय, तर बंद कोण करणार आणि कशाला? बीडची खजाना बावडी बघा कधी गेलात तर. निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली, जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी उतारानं रानात जायचं. मोटर नाही, स्टार्टर नाही, जळायला वाइंडिंगच नाही. उताराला जेवढं येईल तेवढंच घ्यायचं.

नगरच्या हिवरे बाजारनं काय केलं हे सांगून सांगून सगळ्यांना पाठ झालंय, शेतीला बोअर बंद, ऊस बंद, पाऊस मोजायचा आणि त्यावर ठरवायचं काय पेरायचं ते. अटल भूजल या सरकारी योजनेत मराठवाड्यातल्याही काही गावात पाण्याचा ताळेबंद भिंतीवर रंगवलाय, मी बघितलाय, खाली कुणीतरी खताची जाहिरात लावली होती. माझं म्हणणं एवढंच की हे करायचं असेल तर याच वर्षी करा, पाणी वर आहे तेव्हा. आमच्या वस्तीवर आम्ही सहा जणांनी ठरवलंय, दर एक तारखेला विहिरीत टेप सोडायचा आणि आकडा ग्रुपवर टाकायचा. फेब्रुवारीत सहा आकडे आले, मार्चात चार. परवा एक तारीख येतीय, बघू.

हे टाईप करत असतानाच आण्णा आले, गावातलेच, आबांच्या वयाचे. नवीन मोटर पाहिजे म्हणाले, दहा एचपी.

मी म्हणलं, "आण्णा, तुमची साडेसातची तर चांगली चाललीय की. अन पाणी वर आलंय."

"आरं दोन एकर वाढवायलाव ऊस. यंदा पाणी मस हाय."

"मग किती पाईपवर सोडायची?"

"आता अठरा पुरतेत." थोडा वेळ बाहेर बघत बसले. मग म्हणाले, "बिलात तीस लिव्ह. पुढं लागतेतच."

मी तीस लिहिले.