फ्यूज काढून एबीएस दुरुस्त होत नाही

गणपतीच्या तोंडावर चाकरमान्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. हल्ली तो गावाकडेही पोचलाय, आणि गॅरेजात येणारी माणसं मोबाइल पुढे धरून "मेस्त्री, यात लिहिलंय तेवढंच करा" असं सांगतात. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक, म्हणजे जागीच जाम, होऊ न देणारी यंत्रणा. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा:

"एबीएसचा पिवळा दिवा लागला तर गॅरेजवाल्यांना लुटू देऊ नका. बॅटरीची मायनस तार दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा जाईल. नाही गेला तर ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लावा. कोड आला नाही तर सगळं ठीक. कोड आला तर सेन्सर गेला, तो बदला, विषय संपला. ब्रेक दाबताना पाय थरथरला तर ती एबीएस चालू असल्याची खूण. आणि काहीच जमलं नाही तर फ्यूज काढून टाका. ब्रेक तसेही लागतात. कोकणातल्या पावसात एबीएसचा उपयोग नाही, गाडी उलट लांब जाते."

गॅरेजवाल्यांवरचा राग अगदीच बिनबुडाचा आहे असं मी म्हणणार नाही. दिवा बघितला की हातात मीटर न घेता अख्खं मॉड्यूल (एबीएसचा कंट्रोल बॉक्स) बदलायला सांगणारे महाभाग आमच्या धंद्यात आहेत. पण मेसेज लिहिणाऱ्यानेही तेच केलंय, मोजमाप न करता उपाय सांगितलाय.

बॅटरीच्या तारेचं लवकर उरकतं. एबीएसच्या मॉड्यूलमध्ये कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, अशा मेमरीत साठवलेले असतात की बहुतेक गाड्यांत वीज तोडली तरी ते पुसले जात नाहीत. काही जुन्या गाड्यांत पुसले जातातही, पण बिघाड जिथल्या तिथेच असतो. चावी फिरवल्यावर मॉड्यूल स्वतःची तपासणी करतं. वायर तुटलेली असेल तर दिवा तिथेच परत लागतो, चाकाचा सिग्नल मधेच जात असेल तर गाडी थोडी पळाल्यावर लागतो. मग लोक म्हणतात, "काल गेला होता, आज परत आला." बिघाड गेलाच नव्हता. तार काढल्याने घड्याळ, रेडिओ आणि पॉवर विंडोचं सेटिंग तेवढं जातं.

बॅटरीचा संबंध मात्र आहे, मेसेज म्हणतो तसा नाही. बॅटरी मेलेली असेल किंवा अल्टरनेटर नीट चार्ज करत नसेल तर व्होल्टेज पडतं आणि मॉड्यूल एबीएस बंद करून दिवा लावतं. म्हणून माझी पहिली तपासणी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगचे नटबोल्ट. समुद्राजवळच्या गाडीत चॅसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट वरून घट्ट दिसतो आणि खाली गंजाचा पापुद्रा असतो. सर्किट चालू ठेवून बॅटरीच्या मायनसपासून मॉड्यूलच्या अर्थिंगपर्यंत व्होल्टेज मोजायचं. दोन दशांश व्होल्टच्या वर आलं तर आधी तो बोल्ट उघडून घासा, पुढचं नंतर.

आता ब्लूटूथ स्कॅनर. ते खेळणं वाईट नाही, इंजिनचे कोड वाचायला मीही कधीमधी वापरतो. पण त्यातले बहुतेक फक्त इंजिनशी बोलतात. एबीएसचं मॉड्यूल वेगळं असतं आणि प्रत्येक कंपनीची त्याच्याशी बोलायची पद्धत वेगळी. इंजिनचे कोड इंग्रजी 'पी' अक्षराने सुरू होतात, ब्रेक-सस्पेन्शनचे 'सी'ने. स्कॅनर 'सी' वाचतच नसेल तर पडद्यावर "कोड नाही" येणारच. डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळतोय आणि मोबाइल म्हणतोय सगळं ठीक, तर दिव्यावर विश्वास ठेवा. काही गाड्यांत त्या कंपनीसाठी बनवलेल्या ॲपने एबीएस वाचता येतं. स्कॅनर घेणारच असाल तर घेण्याआधी एवढं विचारून घ्या.

चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

समजा कोड आला सी-००३५. त्याचा अर्थ पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाचं सर्किट. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याची वायर आली, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आला, मॉड्यूलपर्यंतचं हार्नेस (वायरींचा जुडगा) आलं, आणि सेन्सर ज्याच्याकडे बघून मोजतो ती रिंगही आली. कोड एवढंच सांगतो की या चाकाकडून धड बातमी येत नाही. बातमी का येत नाही ते मेस्त्रीने शोधायचं. सरळ नवा सेन्सर बसवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कित्येकदा जुना सेन्सर पिशवीत टाकून गिऱ्हाईक घरी जातं, दोन दिवसांनी तोच दिवा घेऊन परत येतं, आणि तो जुना सेन्सर ठणठणीत असतो.

आपल्या किनाऱ्यावर पहिला संशय कपलर आणि वायरवर घ्यावा. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा, कुठल्याही फेरीबोटीवर गाडी चढवताना रॅम्पवर खारं पाणी असतंच. भरतीच्या वेळी चाकं चांगली भिजतात. पुळणीवर गाडी घालून फोटो काढणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. हे पाणी चाकामागच्या कपलरमध्ये शिरतं. कपलर उघडला की पितळी पिनांवर हिरवट थर दिसतो. तो घासून लोक खूश होतात, पण पिनेपासून दोन बोटं मागे वायरचं प्लॅस्टिक सोलून बघा. तांबं लाल, चकचकीत हवं. इथे ते बऱ्याचदा काळंठिक्कर आणि ठिसूळ निघतं, कारण खारं पाणी प्लॅस्टिकच्या आतून तारांच्या फटींतून वर चढतं. काळं तांबं जिथे संपतं तिथपर्यंत कापून नवीन तुकडा जोडायचा, झाळायचा आणि आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी चढवायची. नुसती काळी टेप गुंडाळली तर ती पावसाळा काढत नाही. चिपळुणात २२ जुलै २०२१ला पूर आला, त्यात बुडालेल्या गाड्यांचे कपलर असेच महिनोन् महिने आतून सडत राहिले. गाडी धुऊन-पुसून चालू झाली, दिवे मात्र नंतर एकेक करून लागले. पुरातून निघालेली गाडी विकत घेणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं.

दुसरी जागा म्हणजे शॉकअपजवळ वायर जिथे वाकते ती. स्टिअरिंग फिरवलं की ती दरवेळी वळते, आत तार तुटते आणि बाहेरून प्लॅस्टिक अखंड दिसतं. गाडी सरळ चालवली तर दिवा नाही, वळणावर लागतो, असं कोणी सांगितलं की मी थेट तिथे हात घालतो. पावसाळ्यात उंदरांचं वेगळंच. बॉनेटखाली ऊब मिळते, आणि शेतघराजवळ लावलेल्या गाडीच्या वायरी त्यांना भारी आवडतात.

हे सगळं अंदाजाने करायची गरज नाही. एबीएस वाचणारा स्कॅनर लावायचा, चारही चाकांचे वेग एकाच वेळी पडद्यावर घ्यायचे आणि मोकळ्या रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने सरळ जायचं. पडद्याकडे शेजारी बसलेल्याने बघायचं, चालवणाऱ्याने नाही. तीन चाकं पंचवीस दाखवतायत आणि चौथं मधेच शून्यावर जातंय, तर तेच चाक. मग गाडी जॅकवर घेऊन ते चाक हाताने फिरवायचं आणि वायर जागोजागी हलवून बघायची. आकडा जिथे गचकतो तिथे तार तुटलेली.

मीटरबद्दलही एक सांगायला हवं, कारण त्याचे व्हिडिओ बघून लोक येतात. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तांब्याची गुंडाळी असते. त्याचा रोध मोजता येतो, साधारण एक-दोन हजार ओहम, नेमका आकडा कंपनीचा बघावा. चाक हाताने फिरवलं की मीटरवर थोडा एसी व्होल्टही दिसतो. पण अलीकडच्या बहुतेक गाड्यांत ॲक्टिव्ह सेन्सर असतो. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे आणि त्याला मॉड्यूलकडून वीज लागते. त्याचा ओहम मोजून काही कळत नाही, झालीच तर सेन्सरला इजा होईल. तिथे कपलरवर वीज येते का ते बघायचं. त्या सेन्सरचा करंट ७ आणि १४ मिलिअँपिअर यांच्यामध्ये उड्या मारतो, तो ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसतो. स्कोप नसेल तर स्कॅनरवरचा वेग हाच पुरावा.

आणि बेअरिंग. अनेक गाड्यांत एबीएसची रिंग वेगळी नसते, चाकाच्या बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच. बेअरिंग उलटं दाबलं तर पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि त्या चाकाचा वेग कायमचा शून्य. बेअरिंग बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी दिवा लागला तर सेन्सर मागवू नका, ज्याने बेअरिंग बदललं त्याच्याकडे जा. बसवण्याआधी दोन्ही बाजूंना कागदाची स्टीलची क्लिप हलकेच लावून बघितली तरी चुंबकी बाजू कळते.

पायाच्या थरथरीबद्दल मेसेजात अर्धं खरं आहे. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला आणि पेडल थरथरलं, खालून गुरगुर ऐकू आली, तर ते एबीएसच. पाय काढायचा नाही, दाबून धरायचा. जुन्या सवयीने ब्रेक पंप करत बसायचं नाही. पण कोरड्या रस्त्यावर, सिग्नलला हळूहळू थांबताना, अगदी शेवटच्या दोन-चार हातांत पेडल थरथरत असेल आणि गाडी किंचित पुढे सरकत असेल, तर ती खूण चांगल्याची नाही. हा बिघाड खास खाऱ्या हवेतला. सेन्सर चाकाच्या नकलमधल्या (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं त्या लोखंडी भागातल्या) भोकात बसतो, आणि त्याचं टोक आणि रिंग यांत जेमतेम एक मिलिमीटरची फट असते. भोकाच्या कडेला आणि सेन्सरच्या बुडाखाली गंज धरतो, फुगतो आणि सेन्सरला बाहेर ढकलतो. फट वाढली की सिग्नल कमजोर होतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा सिग्नल कमी वेगात मुळातच बारीक, म्हणून तो थांबता थांबता बंद पडतो. मॉड्यूलला वाटतं चाक लॉक झालं, आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडतं. दिवा बऱ्याचदा लागत नाही, कोडही येत नाही. एक्सलवरच्या रिंगला तडा गेला तरी असंच होतं.

उपाय महाग नाही, वेळखाऊ आहे. सेन्सरचा बोल्ट काढायचा. सेन्सर पक्कडीने ओढायचा नाही, प्लॅस्टिकचं डोकं तुटून हातात येतं आणि तेव्हा मात्र खरोखरच नवा लागतो. गंज सोडवणारं तेल मारून थांबायचं, मग डावी-उजवीकडे फिरवत काढायचा. भोकातला तपकिरी पापुद्रा पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ करायचा, रिंगच्या दातांमधला गंज आणि लोखंडी चुरा ब्रशने काढायचा, आणि बसण्याच्या जागेला पातळ ग्रीस लावून सेन्सर पूर्ण खाली टेकवायचा.

फ्यूज काढण्याबद्दल. एबीएस बंद असतानाही साधा ब्रेक लागतो हे खरं आहे. पण आजच्या गाड्यांत मागच्या चाकांना किती जोर द्यायचा हेही तेच मॉड्यूल ठरवतं, त्याला ईबीडी म्हणतात. पूर्वी त्या कामाला वेगळा व्हॉल्व्ह असायचा, आता बहुतेक गाड्यांत तो नाही. फ्यूज काढला की ईबीडीही गेलं, आणि गाडीत ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असेल तर तेही. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होऊ शकतात, आणि मागची लॉक झाली की गाडी आडवी होते. कशेडी किंवा आंबा घाटाच्या ओल्या उतारावर हा प्रयोग करायचा का, ते ज्याचं त्याने बघावं. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल आणि हँडब्रेक सोडलेला असेल तर गाडी बाजूला घेऊन ब्रेक ऑइलची पातळी बघा. पातळी बरोबर असूनही लाल दिवा जात नसेल तर गाडी टो करून आणा.

पावसात गाडी लांब जाते हा दावा ओल्या डांबरावर टिकत नाही. चाक लॉक झालं की पकड कमी होते आणि स्टिअरिंग मेलेलं असतं. एबीएस चाक फिरतं ठेवतं, म्हणून समोर गुरं आली तर ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. सुट्या खडीवर, वाळूवर मात्र मेसेज बरोबर आहे. तिथे लॉक झालेलं चाक पुढे खडीचा ढीग करून गाडी अडवतं, आणि एबीएस तो ढीग होऊ देत नाही. मुंबई-गोवा महामार्ग ६६च्या रखडलेल्या टप्प्यांवर खडी पसरलेली असायची तेव्हा हा अनुभव पुष्कळांनी घेतलाय, आणि "एबीएस बेकार" हे मत तिथूनच आलं असावं. तिथे वेग कमी ठेवायचा, याला दुसरा इलाज नाही.

फ्यूज काढणाऱ्यांची एक पुढची पायरीही असते. फ्यूज काढला तरी दिवा जळत राहतो, तो डोळ्यांत खुपतो, म्हणून मग डॅशबोर्डवरच्या मीटरमधला दिवाच काढतात किंवा त्यावर काळी टेप लावतात. अशा गाड्या नंतर जुन्या बाजारात येतात. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन चालू न करता चावी फिरवा. एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि दोन-तीन सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर टोकन देऊ नका.