न्यायमूर्ती गेले. कारण कोणी सांगायचं?

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती रोहित देव यांनी भर कोर्टात जाहीर केलं, की मी राजीनामा दिला आहे. निवृत्तीला दोन वर्षांहून जास्त अवधी होता. आत जे वकील उभे होते त्यांच्याकडून आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरांतून कळलं ते एवढं: स्वाभिमानाशी तडजोड करता येणार नाही असं ते म्हणाले, कधी कठोर बोललो असेन तर माफ करा असंही म्हणाले, त्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे सुनावणीची यादी, सोडून दिला आणि उठले. नंतर पत्रकारांनी विचारलं तेव्हा वैयक्तिक कारण आहे, असं उत्तर मिळालं.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. आमच्याकडे ही बातमी जेवणाच्या सुट्टीआधीच पोचली होती. बार रूममध्ये फोन सारखे वाजत होते. आज इतक्या दिवसांनी लिहायचं कारण म्हणजे त्या दुपारी आणि नंतरचा आठवडाभर नागपुरात जे बोललं गेलं, ते माझ्या मनातून जात नाही. अजूनही कुठल्या न्यायमूर्तींच्या बदलीची बातमी आली की तेच बोलणं जसंच्या तसं सुरू होतं.

पहिला प्रश्न एकच असायचा, माणूस कोणाचा?

अर्ध्या तासात ग्रुपांवर उत्तरं तयार होती. कोणी लिहिलं, साईबाबाला (माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून जन्मठेप झालेले प्रा. जी. एन. साईबाबा) सोडलं होतं ना, त्याचीच किंमत मोजली. कोणी लिहिलं, बरं झालं गेले, नक्षल्यांना सोडणाऱ्यांचं हेच व्हायला पाहिजे. तिसऱ्याने समृद्धी महामार्गाच्या स्टेचा विषय काढला. जुलैच्या अखेरीस त्यांच्याच खंडपीठाने राज्य सरकारच्या एका शासन निर्णयाला स्थगिती दिली होती. समृद्धीच्या कामात अवैधपणे गौण खनिज काढल्याबद्दल कंत्राटदारांवर ज्या कारवाया सुरू होत्या, त्या रद्द करण्याचा अधिकार सरकारने जानेवारी २०२३ च्या त्या निर्णयाने स्वतःकडे घेतला होता. चौथ्याने अलाहाबादला बदली होणार होती म्हणून सांगितलं. ते नाव पेपरांतही आलं. प्रत्येकाला आपापलं कारण पक्कं माहीत होतं आणि प्रत्येकाचं कारण त्याच्या त्याच्या पक्षाला शोभेल असंच होतं.

एकाच माणसाला या शहराने सात वर्षांत किती नावं दिली ते बघा. देव साहेब २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, झाले तेव्हा लोक म्हणाले, हा सरकारचा माणूस. जून २०१७ मध्ये न्यायमूर्ती झाले तेव्हाही तेच म्हणाले, आवाज जरा खालचा होता इतकंच. १४ ऑक्टोबर २०२२ ला त्यांच्या आणि न्यायमूर्ती अनिल पानसरे यांच्या खंडपीठाने प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांची निर्दोष सुटका केली. त्यानंतर काल ज्यांनी 'आपला' म्हटलं होतं त्यांनीच 'त्यांचा' म्हणायला सुरुवात केली. राजीनाम्यानंतर दुसऱ्या बाजूने त्यांना डोक्यावर घेतलं. मधल्या काळात त्यांनी शेकडो निकाल दिले. जमिनीच्या मोबदल्याचे, सेवेचे, जामिनाचे. त्यांतला एखादा तरी पूर्ण वाचून कोणी मत बनवलं असेल का, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तो २०२२ चा निकाल मी नीट वाचला आहे. त्यात साईबाबा चांगले की वाईट हा विषयच नाही. विषय आहे यूएपीएचं, म्हणजे बेकायदा कारवाया आणि दहशतवादाविरुद्धच्या कायद्याचं, कलम ४५. या कायद्यात जामीन जवळजवळ मिळत नाही, शिक्षा जबर असते. म्हणून संसदेने एक अट घातली, की खटला चालवण्याआधी सरकारची मंजुरी हवी, आणि ती मंजुरी देण्याआधी एका स्वतंत्र प्राधिकाऱ्याने पुरावा तपासून अहवाल द्यायला हवा. इथे काय झालं? साईबाबांच्या बाबतीत न्यायालयाने खटल्याची दखल आधी घेतली आणि मंजुरी मागाहून आली. बाकीच्यांच्या बाबतीत अहवाल होता, पण त्यात पुराव्याचं विश्लेषण नव्हतं, कारणं नव्हती. एखाद्याला जन्मभर तुरुंगात ठेवायची प्रक्रिया सुरू करायची असेल तर कारण लिहा, असं या खंडपीठाचं म्हणणं होतं. दहशतवाद मोठा धोका आहे हे त्यांनी मान्यच केलं. पण धोका मोठा आहे म्हणून कायद्याने सांगितलेली पायरी गाळता येत नाही, असं स्पष्ट लिहिलं.

निकाल शुक्रवारी आला. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालय विशेष बसलं आणि निकाल निलंबित झाला. एप्रिल २०२३ मध्ये तो रद्द करून प्रकरण परत नागपूरला पाठवलं, दुसऱ्या खंडपीठाकडे. ५ मार्च २०२४ ला न्यायमूर्ती विनय जोशी आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मिनेझिस यांच्या खंडपीठाने सगळं पुन्हा ऐकून पुन्हा निर्दोष सोडलं, आणि या वेळी पुराव्यातही जाऊन. त्याच खटल्यातला आरोपी पांडू नरोटे मात्र ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत असताना वारला होता. साईबाबा सुटून सात महिने जगले. १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादला गेले.

हे सगळं सांगितलं तरी आमच्या चर्चेत कोणी ना कोणी म्हणतंच, "ताई, थे सगळं ठीक आहे, पण माणूस कोणाचा होता थे सांगा नं."

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न लोकांच्या तोंडी येतो त्याला फक्त लोक जबाबदार नाहीत. जिथे कारण सांगितलं जात नाही तिथे माणसाकडेच बोट जाणार.

याच नागपूरने २०१६ मध्ये एक राजीनामा पाहिला होता. श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता होते. वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांचे नातू, नागपुरात वाढलेली वकिली. स्वतंत्र विदर्भाबद्दल ते आधीच उघड बोलले होते, त्यावरून विधानसभेत गोंधळ झाला होता. मग मार्चमध्ये जालन्यात मराठवाड्याच्या वेगळ्या राज्याबद्दल बोलले. सत्तेतल्या मित्रपक्षासकट सगळ्यांनी धारेवर धरलं आणि २२ मार्च २०१६ ला त्यांनी राजीनामा दिला. (त्यांच्या जागी महाधिवक्त्याचा कारभार आला तो रोहित देवांकडेच.) तेव्हाही नागपुरात भांडणं झाली, घराघरांत झाली. पण ती विदर्भावर झाली. महाधिवक्त्याने असं बोलावं का, यावर झाली. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेल्या नागपूर करारातलं काय पाळलं, सिंचनाचा पैसा कुठे गेला, अनुशेष किती उरला, हे काढून लोक भांडले. माझे वडील विदर्भवादी, काका कट्टर संयुक्त महाराष्ट्रवाले. दोघे तेव्हा जितकं मुद्द्याचं बोलले तितकं एरवी कधी बोलले नसतील. कारण समोर होतं, म्हणून वाद कारणावर झाला.

न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांचंही तसंच. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठात त्यांनी पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचा, तो निकाल दिला, त्वचेला त्वचेचा स्पर्श झाला नाही तर लैंगिक हल्ला नाही असा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यांना कायम केलं गेलं नाही आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल मला चूक वाटला होता, आजही वाटतो. पण त्यावर आम्ही बायका वकील भांडलो ते कायद्याच्या शब्दावर भांडलो.

देवांच्या वेळी धरायला हाताशी काहीच नव्हतं.

कोणी म्हणेल, न्यायाधीशाने कशाला कारण सांगायचं? बरोबर आहे. घटनेच्या अनुच्छेद २१७ प्रमाणे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश राष्ट्रपतींना स्वतःच्या सहीचं पत्र लिहितो आणि पद सोडतो. कारण द्यायची सक्ती नाही, असूही नये. आजारपण असेल, घरचं काही असेल, मनाला लागलेलं काही असेल. त्या माणसाकडून मला खुलासा नको आहे. मला तो हवा आहे व्यवस्थेकडून. राजीनाम्यामागे बदली होती की नव्हती, असली तर का होती, हे सांगणं ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडून.

बदलीचा अधिकार अनुच्छेद २२२ मध्ये आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, देशभरातल्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. गुजरातच्या न्यायमूर्ती संकलचंद शेठ यांनी आपल्या बदलीला आव्हान दिलं, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बदली लोकहितासाठीच असली पाहिजे, शिक्षा म्हणून नाही. पुढे १९९३ च्या निकालाने हे सगळं सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या हाती, म्हणजे कॉलेजियमकडे आलं. न्यायाधीशाची संमती लागत नाही हेही ठरलं. ऑक्टोबर २०१७ पासून कॉलेजियमचे ठराव संकेतस्थळावर टाकू लागले. तेव्हा आम्हाला वाटलं, आता कारणं कळतील. पण बदलीचे बहुतेक ठराव उघडून बघा. न्यायदान अधिक चांगलं व्हावं म्हणून, एवढं एक वाक्य. कोणाचं न्यायदान, नागपूरचं की अलाहाबादचं, आणि कसं चांगलं होणार?

माझ्या रोजच्या कामात एखाद्या तहसीलदाराने कारण न लिहिता अर्ज फेटाळला तर मी अपिलात पहिला मुद्दा तोच घेते, आणि तेवढ्यावर आदेश रद्द होतो. कारण लिहा, ही शिकवण खालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला उच्च न्यायालयानेच दिली आहे. मग खुद्द उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला उचलून शेकडो किलोमीटरवर पाठवताना चार ओळी लिहायला काय हरकत आहे? सांगण्यासारखं प्रशासकीय कारण असेल तर बदनामीही होत नाही. आणि सांगण्यासारखं नसेल, तर ते आम्हाला कळायलाच हवं.

यात भरडलं कोण जातं तेही सांगते. नागपूर खंडपीठाखाली विदर्भाचे अकरा जिल्हे येतात. सिरोंचा, अहेरी, मेळघाट, तिकडून सगळे इथेच येतात. राजीनाम्यानंतर काही दिवसांनी माझ्याकडे यवतमाळ जिल्ह्यातला एक जुना पक्षकार आला. प्रकल्पात जमीन गेलेली, वाढीव मोबदल्याचं अपील उच्च न्यायालयात. त्याच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा, मोजणीचा नकाशा, आणि जुन्या तारखांच्या चिठ्ठ्या रबर लावून. त्याचं प्रकरण देवांच्या कोर्टात नव्हतंच. पण गावात कोणीतरी सांगितलं होतं की मोठे जज सोडून गेले, आता सगळ्या केसेस पहिल्यापासून. रात्रीच्या एसटीने निघून तो विचारायला आला होता. मी समजावलं. चहा झाला, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, जजलेच न्याय भेटला नाही म्हणते लोकं. मंग आमाले कुठून भेटन?"

त्याला मी काय सांगणार होते? वैयक्तिक कारण होतं म्हणून?

सिव्हिल लाइन्समधली ती देखणी दगडी इमारत आम्हाला नुसती इमारत वाटत नाही. आणीबाणीत, अटकेतल्या माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येतं असं ज्या उच्च न्यायालयांनी सांगितलं, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं हे नागपूर खंडपीठ होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना चूक ठरवलं. पाचांत एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तो का दिला, हे विचारायची वेळ कोणावर आली नाही. त्यांचं वेगळं निकालपत्र सगळ्यांसमोर होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती आधी आमच्याच लोकांकडे आहे. एखाद्या न्यायमूर्तींची नागपूरहून बदली झाली किंवा बदलीवरून कोणी पद सोडलं, की निरोप समारंभाच्या तयारीआधी वकील संघटनांनी एक पत्र लिहावं. कारण काय, असं. न्यायमूर्ती आपल्याला आवडते असोत वा नसोत. ज्यांच्यासमोर आपण हरत होतो त्यांच्यासाठीही लिहावं, किंबहुना त्यांच्यासाठी आधी लिहावं. उत्तर येवो न येवो, विचारणा कागदावर राहील.

पेपरवाल्यांनीही 'कारण गुलदस्त्यात' असा मथळा देऊन विषय सोडू नये. महिन्याने पुन्हा विचारावं, सहा महिन्यांनी पुन्हा.

कमेंटमध्ये कोणाचा माणूस हे लिहिणार असाल तर त्याआधी १४ ऑक्टोबर २०२२ चा निकाल आणि ५ मार्च २०२४ चा निकाल वाचा. दोन्ही उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहेत. इंग्रजी अडत असेल तर मला मेसेज करा, रविवारी सकाळी बसून समजावून सांगेन, कितीही जण असले तरी.