‘आपण सगळेच मूळचे’ म्हटल्यावर

कॅनडात व्हँकूवरला मुलीच्या शाळेत पालकसभेआधी एक वाक्य वाचलं जातं: आपण मस्क्विअम, स्क्वामिश आणि स्लेवातुथ या मूळनिवासी लोकांच्या, त्यांनी कधीही लिहून न दिलेल्या जमिनीवर जमलो आहोत. आमच्या गडचिरोलीच्या घरच्या ग्रुपवर मात्र दर ९ ऑगस्टला, विश्व आदिवासी दिनी, मूळचे कोण हाच वाद पेटतो. यंदा काकांनी मलाच विचारलं, ‘आदिवासी मूळचे, मग आपण काय बाहेरचे?’

काका, आपलं सरकारही तुमच्यासारखंच म्हणत आलंय. १३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांत आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मतदानाला आला. १४४ देश बाजूने, चार विरोधात. त्या चारांत कॅनडा होता. भारताने होकार दिला, पण स्वातंत्र्याच्या वेळची सगळी जनता मूळनिवासीच, ही भूमिका कायम ठेवून. सगळेच मूळनिवासी ठरले की तो होकार कोणाच्याच पदरात पडत नाही. मला तो कॅनडाच्या नकारापेक्षा जास्त खुपतो. नकार देणाऱ्या याच देशाने २०२१ मध्ये त्या जाहीरनाम्यासाठी कायदा केला. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने तर २०१९ मध्येच.

हे चांगुलपणातून झालं नाही. याच प्रांतातल्या मूळनिवासी चिल्कोटिन लोकांच्या रानात १९८३ मध्ये झाडतोडीचा परवाना दिला गेला, तिथून भांडण सुरू झालं. खालच्या कोर्टात ३३९ दिवस सुनावणी चालली. २०१४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १,७५० चौरस किलोमीटरवर त्यांची मालकी मान्य केली. तरीही पुढे इथल्याच वेट्सुवेतेन या मूळनिवासी लोकांच्या वंशपरंपरागत प्रमुखांचा विरोध असताना त्यांच्या मुलखातून गॅसची पाइपलाइन गेलीच.

आणि आपल्याकडे? जंगलात राहणाऱ्यांचे तिथल्या जमिनीवरचे हक्क मानणारा आपला वनहक्क कायदा २००६ चा, म्हणजे त्या जाहीरनाम्याच्याही आधीचा. तुम्ही धानोऱ्याला शिकवत होतात, मेंढा-लेखा रोज एसटीतून दिसायचं. त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला, तो जंगलाबाहेर न्यायच्या वाहतूक पासाचं पुस्तक हातात पडायला २०११ उजाडलं. ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या १२ ग्रामसभांनी याच कायद्याच्या आधारे २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं आणि ते ऐकावं लागलं. एवढं बळ त्या कायद्यात आहे. म्हणूनच २०२२ च्या वनसंवर्धन नियमांत आलेल्या आणि २०२३ च्या नव्या नियमांतही टिकलेल्या तरतुदीची मला भीती वाटते: जंगल प्रकल्पांना द्यायला केंद्राची मंजुरी आधी, वनहक्कांची पूर्तता मागाहून राज्याने बघायची. जंगल देऊन टाकायचं ठरल्यावर ग्रामसभेला विचारण्यात काय उरतं? ग्रुपवर यावर एकही मेसेज नव्हता.

आधी कोण आलं, हा माझा प्रश्नच नाही. कोणाला न विचारता कोणाची जमीन जाते, हा आहे. तुमची-माझी अशी गेलेली नाही.

डिसेंबरात येतोय. मेंढा-लेखात बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरतं. आपण दोघं त्यांच्या सभेला मागे बसायची परवानगी मागू.