"रातोरात" म्हणू नका प्लीज

आज दुपारी मिसिसॉगाला दिवाळीच्या गेट-टुगेदरला गेले होते. जेवणाच्या लाईनीत ब्लू जेजचा, म्हणजे टोरंटोच्या बेसबॉल टीमचा विषय निघाला (२०२५ च्या त्या सीझननंतर टोरंटोत दुसरा विषयच नव्हता) आणि एक काका म्हणाले, "तो येसॅव्हेज काय नशीबवान पोरगा, रातोरात स्टार झाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, हातात ताट होतं, मागे माणसं उभी होती. पण घरी आल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

रातोरात कसलं हो? ट्रे येसॅव्हेज पिचर आहे, म्हणजे बेसबॉलचा बोलर. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो फ्लोरिडात डनीडनला टाकत होता, सिंगल-ए, म्हणजे माइनर लीगची (मोठ्या टीमसाठी पोरं तयार करणाऱ्या लीगची) जवळजवळ तळाची पायरी, बघायला काहीशे माणसं. तिथून व्हँकुव्हर, तिथून न्यू हॅम्पशायर, तिथून बफलो. एका सीझनमध्ये चार टीम, चार वेळा बॅग भरायची आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने सिद्ध करायचं. मग १५ सप्टेंबरला टॅम्पा बेविरुद्ध पहिली मेजर लीग (सगळ्यात वरच्या लीगची) मॅच, ५ इनिंग, ९ स्ट्राइकआउट, म्हणजे नऊ बॅटरना तीन-तीन स्ट्राइकवर बाद केलं. वय २२.

पोरगा भारी आहेच. पण प्रत्येक पायरीवर कोणीतरी त्याच्याकडे नीट बघत होतं, आणि झेपतंय म्हटल्यावर पुढचं दार उघडत होतं. हे कोणी बोलतच नाही.

माझा धाकटा भाऊ. आम्ही फलटणचे. १९ वर्षांचा असताना पुण्याला क्रिकेटच्या सिलेक्शनला बोलर म्हणून गेला, पहाटेच्या एसटीने, बाबांनी उसने पैसे घेऊन आणलेले स्पाइक्स पिशवीत. पाठीवर नंबर लावून सकाळी सातपासून उन्हात उभा, साडेतीनला नंबर आला. चार चेंडू. चौथ्याला मधली दांडी उडाली, आणि टेबलामागचे साहेब फोनवर बोलत होते, त्यांनी मान वर न करताच "नेक्स्ट" म्हटलं. बास. त्या दिवशी आईने पुरणपोळी केली होती, ती कोणीच खाल्ली नाही.

आता लगेच कमेंट येईल की झहीर खान श्रीरामपूरहून गेलाच ना. गेला, मान्य. आणि हो, येसॅव्हेज ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या राउंडचा, २० व्या नंबरचा पिक होता, लाखो डॉलर मिळालेत त्याला, आणि माइनर लीगमध्ये वर्षानुवर्षं बसने फिरून घरी परतणारी पोरं ढिगाने आहेत. तेही मान्य. पण त्यांचे निदान चारपेक्षा जास्त चेंडू तरी कोणी बघितले!!

५ ऑक्टोबरची यांकीजविरुद्धची मॅच आठवा. ११ स्ट्राइकआउट, एकही हिट दिलेला नाही, सहावी इनिंग चालू, आणि ७८ चेंडूंवर मॅनेजरने त्याला काढून घेतलं. आमच्या घरात नवरा टीव्हीवर ओरडला. मला मात्र भरून आलं, कारण टीमवाले चेंडू मोजत होते, त्या पोराच्या खांद्याचा हिशोब कोणीतरी ठेवत होतं. माझ्या भावाला क्लबमध्ये मे महिन्यात दोन-दोन तास सीनियर लोकांना नेटमध्ये टाकायला लावायचे, आणि खांदा दुखतोय म्हटलं की "बाम लाव". लावला त्याने बाम. वर्षभर लावला. आता डावा हात वर करून पंखा पुसतो, उजवा जात नाही वर. राग येतो हो, वीस वर्षं झाली तरी येतो.

असो. चांगलं पण सांगते. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे मेजर लीगच्या फायनलची पाचवी मॅच आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर बघितली. इथे रात्रीचे आठ, तिकडे पहाटेचे साडेपाच, हा अंगणात चहाचा कप घेऊन बसलेला, मागे कोंबडा ओरडतोय. त्याला बेसबॉलचं ओ का ठो कळत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या चेंडूला म्हणाला, "ताई, हा बघ किती वरून सोडतोय, दंड पार कानाला लागतोय." मग स्प्लिटर (दोन बोटं फाकवून टाकलेला, शेवटी एकदम खाली पडणारा चेंडू) पडला, बॅटखालून गेला, तर कप खाली ठेवून हातात लिंबू घेतलं आणि दोन बोटं फाकवून मला दाखवायला लागला, असा धरत असणार बघ. ७ इनिंग, १२ स्ट्राइकआउट, एकही वॉक (चार चेंडू बाहेर टाकून बॅटरला फुकट बेस देणं) नाही, वर्ल्ड सिरीजमध्ये कुठल्याच रुकीने, म्हणजे पहिल्या सीझनच्या खेळाडूने, एवढे काढले नव्हते. प्रत्येक स्ट्राइकआउटला हा तिकडे "गेला!" म्हणून ओरडायचा, वहिनी आतून ओरडायची की पोरं झोपलीत. इतका खूश मी त्याला त्या पुण्याच्या दिवसाच्या आधी बघितला होता, नंतर नाही.

सातवी, शेवटची मॅच आपण हरलो, त्यावर मला आज बोलायचं नाहीये. पण त्या रात्री मध्ये दोनच दिवस गेलेले असताना येसॅव्हेजला परत आणला, आणि समोरच्या डॉजर्स टीमच्या मन्सीने त्याला होमरन (आपल्या षटकारासारखा) मारला. भाऊ तिकडे बघतच होता. होमरनबद्दल तो एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, एवढ्या लवकर परत कशाला आणला गं त्याला? पुढच्या वर्षी नीट मोजून टाकू देतील ना?"

देतील रे, म्हटलं मी.