दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या टॉवेल कारखान्यात लावलेल्या आमच्या स्टॉक आणि प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल ‘वर्ष झालं, प्लॅनिंग अजून अर्धवट. स्टॉकमध्ये 40 किलो सूत जास्त दिसतं, गोदामात सापडत नाही. विचारलं की पुढच्या महिन्यात,’ असं तुम्ही लिहिलंय. एवढं सगळं खरं आहे. ‘पुढच्या महिन्यात’ हे आमच्या पोरांनी माझ्याकडूनच उचललंय, त्यांना बोलू नका.

आधी 40 किलोचं. डाईंगला, म्हणजे बाहेर रंगवायला, 1,000 किलो सूत गेलं, ब्लीचिंगमध्ये घटून 960 आलं. आमचं सॉफ्टवेअर गेलेलं वजनच परत जमा धरत होतं. तुमच्या स्टोअरकीपरनं वहीत पेन्सिलीनं 960 लिहून ठेवलं होतं. वही बरोबर, आम्ही चूक. आता काट्यावरचं वजन वेगळं भरायचं आणि घट मालासोबतच्या चलनावर दाखवायची. जॉबवर्कला, म्हणजे असं बाहेर कामाला, गेलेलं सूत वर्षात परत आलं नाही तर जीएसटीत ते विक्री धरतात, त्यामुळे हा आकडा लटकत ठेवून चालत नाही. जुन्या नोंदी आम्हीच दुरुस्त करू, पैसे नाहीत.

प्लॅनिंगचं दुखणं मोठं आहे. आम्ही सुरुवात गणवेशवाल्यांकडे केली. एका शर्टाला इतकं कापड, इतकी बटणं. गुणाकार केला की झालं. टॉवेलला तोच हिशेब लावला आणि फसलो. टॉवेलच्या मागावर बीम, म्हणजे ताण्याचं (उभं) सूत गुंडाळलेले रूळ, दोन: एक ग्राउंडचा, म्हणजे पायाच्या विणीचा, दुसरा पाईलचा, म्हणजे टॉवेलवरच्या लूपचा. मीटरभर टॉवेलला ग्राउंडचा ताणा मीटरपेक्षा थोडाच जास्त जातो, पाईलचा मात्र तीन-चार मीटर, जाड माल असेल तर आणखी. आमचा प्लॅन दोन्हींना एकाच मापानं मोजत होता. तुमच्या जॉबरनं, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मुकादमानं, मला मागापाशी नेलं आणि म्हणाला, “हा पाईलचा बीम बघा, रिकामा. कॉम्प्युटरला विचारा, अजून चार दिवसांचा आहे म्हणतो.” लाज वाटली, खरंच.

आता पाईलचं प्रमाण क्वालिटीप्रमाणे भरता येतं आणि दोन्ही बीमांचा हिशेब वेगळा चालतो. कुठली ऑर्डर कुठल्या मागावर आधी लावायची, हे मात्र अजून हातानंच ठरवावं लागतं. त्याची तारीख या वेळी देत नाही.

रिव्ह्यूत ‘पैसे घेऊन गायब झाले’ असंही लिहिलंय, ते तेवढं मान्य नाही. अक्कलकोट रोडला तुमच्याकडे किती चकरा झाल्या, ते गेटवरच्या रजिस्टरात आहे.

सोमवारी जॉबरची ड्युटी असेल त्या वेळेला मी स्वतः येतो. ती पेन्सिलची वही काढून ठेवा.