‘डोळे झाकून’ लिहिलेल्या लेखाबद्दल

सत्यशोधक (हे आपलं टोपणनाव), अमेरिकेत ‘एबनी’, ‘जेट’ ही काळ्या वाचकांची नियतकालिकं काढणाऱ्या जॉन एच. जॉन्सनवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “आईचं फर्निचर गहाण टाकल्याची गोष्ट तुम्ही डोळे झाकून उचललीत. २०,००० पत्ते त्याला नोकरीतून आयते मिळाले, त्याचं काय? आणि ‘एबनी’तल्या गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती?” शिवाय म्हणालात, ‘जेट’ सुरू झाल्याचं साल चुकलंय.

साल चुकलं, मान्य. १९५० नव्हे, १९५१. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘डोळे झाकून’? साहेब, वाद घाला, पण ही काय भाषा झाली?

१९४२, शिकागो. जॉन्सन २४ वर्षांचा, सुप्रीम लिबर्टी लाइफ या काळ्यांच्या विमा कंपनीत नोकरीला. पत्ते कंपनीच्या विमेदारांचे होते, अध्यक्ष हॅरी पेस यांनी वापरू दिले. बरं मग? पत्त्यांना टपाल फुकट लागतं का? तिकिटांसाठी ५०० डॉलर हवे होते. बँकेने काळ्यांना कर्ज देत नाही म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या सावकाराने तारण मागितलं, आणि घरात तारण ठेवण्याजोगं एकच होतं: आई गर्ट्रूडचं नवं फर्निचर. तिने लगेच हो म्हटलं नाही, काही दिवस प्रार्थनेत घालवले. मग त्या पत्त्यांवर पत्रं गेली, सुमारे ३,००० जणांनी वर्गणीचे दोन-दोन डॉलर आगाऊ धाडले आणि ‘नीग्रो डायजेस्ट’ हे त्याचं पहिलं मासिक निघालं.

माझ्या आईने माझ्या झेरॉक्स मशीनसाठी पाटल्या दिल्या. वीस वर्षं हातातच होत्या, निघेनात. मोरीत बसून साबण लावून काढल्या. मनगट दोन दिवस लाल होतं. पहिली गिऱ्हाइकं एका ओळखीच्या काकांनी पाठवली. म्हणून पाटल्या खोट्या? हे मला तुम्ही शिकवणार?

क्रीमच्या जाहिराती होत्या. त्यावर पुन्हा कधीतरी. १९५५ साली गोऱ्यांनी ठार मारलेल्या एमेट टिल या काळ्या मुलाचा छिन्नविच्छिन्न चेहरा ज्या ‘जेट’ने छापला, त्याच्या मालकाला क्रीमच्या डबीवर तोलायचं असेल तर खुशाल तोला.

टोपणनाव मात्र बदला. ज्योतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्यांच्या चळवळीचं नाव लावून एका काळ्या बाईचं फर्निचर तपासायला निघालात!

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही. राहू दे तिथेच.