प्रतिक्रियेला उत्तर : 'प्रायव्हेट' म्हणजे नुसतं 'गुप्त' नव्हे

महोदय,

'प्रायव्हेट' या शब्दावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "प्रायव्हेट म्हणजे गुप्त, हे शाळकरी पोरालाही कळतं. लॅटिनचा बडेजाव कशाला?" मतभेद असू द्यात, पण 'बडेजाव' कशासाठी? शब्दच लॅटिनमधून आलाय, तर शोधायला तिथेच जावं लागणार. वीस वर्षं कोशाचं काम केलेल्या माणसाला शाळकरी पोराचा दाखला देऊ नये, एवढीच अपेक्षा.

एक चूक मान्य. 'प्रिव्हिलेज' हा 'प्रायव्हेट'पासून निघाला असं मी लिहिलं होतं. तसं नाही, ती भावंडं आहेत. 'प्रिव्हुस' म्हणजे एकट्याचा, 'लेक्स' म्हणजे कायदा. एकट्यापुरता कायदा तो प्रिव्हिलेज. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं 'गुप्त'. त्याच 'प्रिव्हुस'वरून 'प्रिव्हारे' हे क्रियापद झालं : वेगळं काढणं, वंचित करणं. 'डिप्राइव्ह'मध्ये ते अजून धडधडीत दिसतं. त्याचं धातुसाधित 'प्रिव्हातुस'. प्राचीन रोममध्ये कॉन्सलची, म्हणजे निवडून आलेल्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याची, मुदत एक वर्षाची. ती संपली की कालचा कॉन्सल प्रिव्हातुस, म्हणजे पद नसलेला साधा नागरिक. लपवण्यासारखं काय होतं त्यात? (ग्रीकमध्ये अशा माणसाला 'इडियोतेस' म्हणत, त्याचाच पुढे 'इडियट' झाला. ही निव्वळ व्युत्पत्ती आहे, रोख कुणावर नाही.)

हा 'पद नसलेला' अर्थ इंग्रजीत अजून जिवंत आहे. सैन्यातला 'प्रायव्हेट' म्हणजे सर्वांत खालचा शिपाई, हेर नव्हे. 'प्रायव्हेट मेंबर्स बिल' म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक. ते छापतात, भर सभागृहात मांडतात. तिथे तुमचा अर्थ लावून पाहा : गुप्त सदस्याचं विधेयक!

'गुप्त' हा अर्थ नाहीच, असं मी कुठे म्हटलं? आहे, पण नंतर चढलेला. जे सार्वजनिक नाही ते चारचौघांत नको, आणि चारचौघांत नको ते झाकलेलं बरं, अशी ती घसरण. फ्रेंचमार्गे आलेल्या 'प्रिव्ही'त ती थेट शौचकूपापर्यंत पोचली. म्हणून मराठी करताना आधी विरुद्ध शब्द शोधावा. 'प्रायव्हेट स्कूल'समोर 'सरकारी' उभं राहतं, तिथे 'खासगी'. 'प्रायव्हेट' बोलण्यासमोर 'उघड' येतं, तिथे 'गुप्त' चालेल. सगळीकडे एकच शब्द ठोकला की घोटाळा झालाच.

लेख लांबला, मथळा भडक आहे, वगैरेंत मला पडायचं नाही. पुढच्या वेळी मात्र टोपणनावाआडून लिहू नका. की आपलं नावही 'गुप्त'च?